मग कोण जिंकलं?

"शाळेत कुणाशी भांडलास?" मामांनी विचारलं.

टेबलावरच्या पोरानं रडणं थांबवलं आणि या माणसाला काही कळतं की नाही, अशा नजरेनं त्यांच्याकडे पाहिलं.

"शाळा बंद आहे," तो म्हणाला, आणि त्यानं पुन्हा भोकाड पसरलं.

मामांचा चिमटा हवेतच राहिला. आता हे मामा म्हणजे काही कुणाचे सख्खे मामा नव्हेत. जळीत वॉर्डात ड्रेसिंग करणारा माणूस, म्हणून सगळ्यांचा मामा. डॉक्टरांचा, सिस्टरांचा, पेशंटच्या आईबापांचासुद्धा. जखमेवरची जुनी जाळी, म्हणजे औषधात भिजवलेलं ते विरळ तेलकट कापड, सोडवून काढायची, जखम धुवायची, नवी जाळी लावायची, हे त्यांचं काम. मोठ्या माणसांना ते नुसतं "दुखेल हां" एवढं सांगायचे. पोरांसाठी मात्र त्यांच्याकडे युक्ती होती. आधी विचारायचं, शाळेत कुणाशी भांडलास? याचं उत्तर ज्याच्याकडे नाही असं पोर अजून जन्माला यायचं होतं. डोळ्यांतलं पाणी डोळ्यांत ठेवून पोर सुरू व्हायचं, की त्यानं माझं खोडरबर घेतलं, मग मी त्याला ढकललं, मग बाई मलाच ओरडल्या. मामा हं हं करत जाळीवर सलाइनचं पाणी सोडत राहायचे. गोष्ट ऐन रंगात आली की विचारायचे, "मग कोण जिंकलं?" पोर छाती फुगवून "मी!" म्हणायचं आणि त्या 'मी'बरोबर जाळी निघालेली असायची. मग रडायचं ते उगाच रडायचं म्हणून.

इतकी वर्षं ही युक्ती चालली. लॉकडाउन लागला आणि एका फटक्यात ती निकामी झाली. शाळा नाही, मैदान नाही, शेजारच्या पोराशी बोलायची सोय नाही. भांडणार कुणाशी, डोंबल?

"बरं, घरी कुणाशी भांडलास?" मामांनी सावरून घेतलं.

"मी नाही. आई-बाबा भांडले."

बाजूला उभ्या असलेल्या आईबापांनी एकमेकांकडे न बघता मास्क वर ओढले. मामांनी गुपचूप जाळी काढायला घेतली. पोरगं केकाटलं ते पार जिन्यापर्यंत ऐकू गेलं.

लॉकडाउनच्या सुरुवातीला मोठ्या सिस्टर म्हणाल्या होत्या, "मामा, आता बसा माशा मारत." त्यांचंही खरंच होतं. भट्ट्या बंद, कारखाने बंद, हॉटेलं बंद. वॉर्डात यायचा तो माणूस कामावरून यायचा. वेल्डर, आचारी, बॉयलरवाला. तेच घरी बसले तर भाजणार कोण? थोडे दिवस खाटा रिकाम्या राहिल्या, मामांनी कपाटं आवरली, कात्र्यांना धार लावून आणली. आणि मग पेशंट घरातून यायला लागले.

घरात माणसं मावेनाशी झाली होती, तेच खरं. आई ओट्याशी, बाप त्याच ओट्यावर लॅपटॉप मांडून, पोरं पायांत. त्यात कुणीतरी सगळ्या जगाला सांगून ठेवलं होतं की वाफ घ्या. मग काय, घराघरांत उकळत्या पाण्याचं पातेलं, त्यावर टॉवेल, टॉवेलखाली पोर. पोर ते पोर, हलणारच. पातेलं थेट मांडीवर. आणखी एक माणूस आला, त्यानं हाताला सॅनिटायझर चोळलं आणि ओल्या हातानंच गॅस पेटवला. एक आजी करोनाच्या धास्तीनं घरीच बसून राहिल्या, आल्या तेव्हा हातावरच्या टूथपेस्टची खपली झाली होती. एक बाई आली, तिची अख्खी पाठ भाजलेली. "पाणी सांडलं," ती म्हणाली. मोठ्या सिस्टरनी तिच्या नवऱ्याला औषधं आणायला खाली पिटाळलं आणि खाटेभोवतीचा पडदा ओढून घेतला.

सांडलं. जो येई तो हाच शब्द घेऊन येई. पाणी सांडलं, चहा सांडला, तेल सांडलं. कुणाच्या हातून, ते त्या शब्दात नसतंच. मामा कधी विचारायचे नाहीत. ज्याच्या हातून सांडलेलं असतं तो आपोआप दिसतो, खाटेपासून सगळ्यांत लांब उभा असतो. मामा फक्त जाताजाता पोराच्या आईला बजावायचे, "बाई, घशासाठी कोमट पाणी. कोमट. कढत नाही. लक्षात राहील ना?"

घरी त्यांनी फतवाच काढला होता. वाफेचं पातेलं या घरात दिसलं तर मी ते गॅलरीतून खाली टाकीन.

"खालच्या काकूंच्या डोक्यात पडेल," बायको मशीनवरून मान वर न करता म्हणाली होती. ती शिवणकाम करायची. लॉकडाउनमध्ये ड्रेस कोण शिवतंय, म्हणून सध्या मास्कच्या चळती लावत होती.

"आपण काकूंना आधी हाक मारू, मग टाकू," मुलगी म्हणाली. या मुलीला घरात टकळी म्हणत. सकाळी डोळे उघडायच्या आधी तिचं तोंड उघडायचं. वय सात, पण बोलणं सत्तर वर्षांच्या बाईचं. मामा ड्यूटीवरून आले, अंघोळ करून बसले की ती त्यांच्यासमोर पाय दुमडून बसायची आणि विचारायची, "आज कुणाला फसवलंस?" मग मामा वॉर्डातल्या पोरांचे किस्से सांगायचे. कुणाचं कुणाशी भांडण, कोण जिंकलं, जाळी कशी अलगद निघाली. टकळी खो खो हसायची. बापाच्या युक्तीचा घरात असा रोज डंका वाजायचा.

आणि मग मामांनाच ताप भरला.

रिपोर्ट आला तो येणारच होता तसा आला. मामांनी अंथरूण उचलून बाहेरच्या खोलीत टाकलं आणि आतून कडी लावून घेतली. या खोलीला एक दार, ते स्वयंपाकघरात उघडायचं. एक खिडकी, ती गॅलरीत. जेवणाचं ताट बायको दाराबाहेर स्टुलावर ठेवायची, दार वाजवायची आणि मागे सरायची. मामा दार उघडून ताट घ्यायचे तेवढ्यात पार मोरीपाशी उभी राहून टकळी बापाला बघून घ्यायची.

"बाबा, दाढी वाढलीय!"

"हो गं."

"बाबा, मी रोबो काढलाय, त्याला तीन डोळे..."

"अगं, दार लावू दे त्यांना," बायको म्हणायची, आणि तिसऱ्या डोळ्याचं काय ते राहून जायचं.

मामांना एका जागी बसायची सवय नव्हती. आयुष्य सगळं उभ्यानं गेलेलं. खोलीत ते या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फेऱ्या मारायचे, दम लागला की बसायचे, बसलं की पुन्हा उठायचे. पंखा कुरकुरायचा. भिंतीवरच्या पालीशी ते बोलायला लागले होते. कान सगळे दाराकडे. मशीनची घरघर, टकळीची बडबड, पातेल्याचं झाकण पडलं तरी दाराशी धाव. वॉर्डात इतकं बघितलेला माणूस, घरातल्या प्रत्येक आवाजाला त्याच्या डोळ्यांपुढे एक पोर यायचं.

त्या दिवशी सकाळपासून घशात नुसते काटे. आवंढा गिळवेना. मामा दाराशी गेले आणि बायकोला म्हणाले, "अगं, जरा कढत पाणी दे गं प्यायला."

कढत म्हणाले. कोमट नाही, कढत.

पुढचं मामांनी ऐकलं, पाहिलं नाही. गॅस पेटल्याचा आवाज. पाणी खळखळलं. गॅस बंद. मग बायकोचा फोन वाजला, मास्कची ऑर्डर देणाऱ्याचाच असणार, ती बोलत मशीनपाशी गेली. मग स्वयंपाकघरात चोरपावलं. आणि मग भांड्याचा आवाज, आणि टकळीची किंकाळी.

मामांचा हात कडीवर गेला. अर्धी कडी सरकलीसुद्धा.

"उघडू नका!" बायको दारापलीकडून ओरडली. "अहो, तुमचा ताप लागला तर तिला कुठे ठेवतील? आपल्याला जवळ तरी येऊ देतील का? काय करू ते सांगा फक्त!"

तिचं बरोबर होतं. मामांनी डोळे मिटले आणि ते वॉर्डातल्या आवाजात ओरडले, "पाणी सोड! नळाखाली धर हात!"

"पाण्यानंच तर..."

"गार पाणी! बारीक धार. बर्फ नको. कुठवर भाजलंय?"

"हात. मनगट. बाही चिकटलीय."

"ओढू नको बाही! काप. कात्री घे."

कात्रीचा आवाज आला. शिवणीवरून, सरळ, न अडखळता. मामांना तेवढ्यातही वाटून गेलं, बरं झालं ही शिवणारी आहे.

"मनगटावर तिचा रबरबँड असेल, तो काढ आधी. सूज येते."

"टूथपेस्ट लावा गं!" खालच्या काकू जिन्यातून ओरडल्या. करोनाच्या भीतीनं वर यायच्या नव्हत्या, पण गप्प बसणंही जमणारं नव्हतं. "थंड पडतं लगेच!"

"पेस्ट लावाल तर याद राखा!" मामा दाराआडून असे गरजले की त्यांनाच खोकल्याची उबळ आली. खोकत खोकत ते दाराला पाठ लावून खाली बसले. "नळ चालू ठेव. मी थांब म्हणेपर्यंत."

नळाची धार त्यांना ऐकू येत होती. टकळीचं रडणं ऐकू येत होतं. मध्येच रडणं थांबलं आणि ती म्हणाली, "मी बाबाला द्यायला चालले होते. मला जवळून बघायचं होतं." मग पुन्हा रडणं सुरू झालं. मामांनी गुडघ्यांत डोकं घातलं.

ॲम्ब्युलन्स मोठ्या सिस्टरनी धाडली. मामांचा वॉर्ड तोवर करोनाला देऊन टाकलेला होता. जळिताच्या खाटा व्यायामाच्या उपकरणांच्या खोलीत, सायकली भिंतीला टेकवून मांडल्या होत्या. डॉक्टर मॅडमनी स्वतः ड्रेसिंग केलं आणि मामांना फोन लावला. "खोल नाहीये, मामा. उजवा हात, पालथा भाग आणि बोटं. कातडी आपली आपण येईल. पण इथे तिला रोज आणू नका, आमच्याकडे निम्मा स्टाफ आजारी आहे. घरी करता येईल?"

"करेन की."

"तुम्ही नाही करायचं. ताईंकडून करवून घ्यायचं. बोटांचं तुम्हाला काय सांगायचं."

खरंच काय सांगायचं. भाजलेली बोटं दुखतात म्हणून पोर ती मिटून बसतं. मिटलेली बोटं तशीच आखडतात. मग पेन्सिल धरता येत नाही, वेणी घालता येत नाही, जन्मभर. अशी आखडलेली बोटं मामांनी किती पाहिली होती. बोटं हलली पाहिजेत, रोज, दुखलं तरी. आणि पोरीचा हात आईच्या हाती, बाप काचेमागे.

गॅलरीत खिडकीपाशी सगळं मांडलं. बायकोनं हात धुतले, पुन्हा धुतले. मामांनी आत काचेला नाक लावलं. टकळी स्टुलावर बसली. ती बापाकडे बघत नव्हती.

"भिजव," मामा म्हणाले. "आणखी भिजव." आजवर तिनं सुई टोचून बोटाला आलेल्या रक्ताकडेही नीट बघितलं नव्हतं. मामांनी घसा खाकरला आणि शक्य तितक्या सहज आवाजात विचारलं, "काय टकळे, घरी कुणाशी भांडलीस?"

टकळीनं हात झटकन पोटाशी घेतला.

"मला माहितीये," ती म्हणाली. "तू मला बोलायला लावणार, आणि आई ओढणार."

युक्तीचा डंका कुणी वाजवला होता? मामांनी खिडकीच्या चौकटीला धरलं. "बरं, नाही फसवत," ते म्हणाले. "दुखणार. आई हळू काढेल. रडायचं तेवढं रड."

बायकोनं जाळीचं टोक धरलं. शिवण उसवताना धरते तसं, दोन बोटांत, पुढचा एकेक टाका बघत. इतकं हळू मामांनी आयुष्यात कधी काढलं नव्हतं. टकळीनं ओठ दाबून धरले. ना रडली, ना बोलली. त्यापेक्षा केकाटली असती तर मामांना बरं वाटलं असतं.

मग रोज बोटांचा व्यायाम. मामा काचेमागे मूठ मिटायचे, उघडायचे. टकळी बाहेर त्यांचं बघून करायची. चार बोटं हळूहळू ऐकायला लागली. करंगळी मात्र हटून बसलेली, वाकलेली ती वाकलेलीच. मामा काचेवर पंजा ठेवायचे, तीही ठेवायची. सगळी बोटं काचेला टेकायची, करंगळीखाली फट राहायची.

"दाब अजून. शाबास. अजून."

ती दाबायची. डोळ्यांत पाणी यायचं. तोंडातून शब्द नाही.

मामांना करंगळीची काळजी होती, नाही असं नाही. पण रात्रंदिवस छळायचा तो दुसराच विचार. घरातला आवाज बंद झाला होता. मशीन घरघरायचं, नळ वाजायचा, आणि मध्ये जिथे टकळी असायची तिथे काही नसायचं. रोबोच्या तिसऱ्या डोळ्याचं काय झालं, ते त्यांना अजून कळलं नव्हतं. फेऱ्या मारता मारता ते स्वतःशी पुटपुटायचे, कोमट म्हणायला काय झालं होतं? कोमट म्हणायला काय झालं होतं रे तुला?

एका दुपारी बायको खिडकीपाशी एकटीच आली.

"तुम्ही विचारलं नाहीत," ती म्हणाली.

"काय?"

"कुणाच्या हातून. भांडं ओट्याच्या कडेला मीच ठेवलं होतं. फोन घ्यायला मीच गेले. तुम्ही एकदा तरी विचाराल असं वाटत होतं. ओरडाल तरी."

"पाणी मी मागितलं होतं," मामा म्हणाले. "कढत. मी म्हणालो, कढत."

"मी ऐकलं ना."

"मग सांडलं ते दोघांच्या हातून."

बायको तिथेच खिडकीखाली टेकून बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. पहिल्यांदाच रडत होती. मामांना काचेतून तिचं नुसतं डोकं दिसत होतं. ते आतल्या बाजूला खाली बसले, भिंतीला टेकून, तिच्या पाठीशी पाठ लावल्यासारखे. पोरगी ऐकत असेल हे दोघांच्याही लक्षात आलं नाही.

मामांची कडी उघडली तेव्हा अंगात त्राण उरलं नव्हतं. पाच पावलं चालले की छाती भरून यायची. मोठ्या सिस्टरनी फोनवर सांगितलं, "वॉर्डात यायची घाई करू नका." पण त्या दिवशी ड्रेसिंग होतं आणि ते करायला मामांना आता कुणाची मनाई नव्हती.

गॅलरीत तेच स्टूल. तीच वाटी, तोच कापूस. मामा टकळीसमोर बसले आणि त्यांनी तिचा हात हातात घेतला. किती दिवसांनी, देव जाणे. हात केवढासा होता! काचेतून तो मोठा दिसायचा. त्यांनी जाळी भिजवायला घेतली आणि बघतात तो काय, स्वतःचा हात थरथरतोय. अशक्तपणा असेल. वाटी खाली ठेवली, हात चोळला, पुन्हा घेतला. पुन्हा तेच. हजारो जाळ्या काढलेला माणूस आणि एक टोक चिमटीत धरता येईना. मागे उभी राहून बायको बघत होती. "मी काढू का?" असं विचारायला तिनं तोंड उघडलं आणि मिटलं.

टकळी बापाच्या हाताकडे बघत होती. मग तिनं त्याच्या तोंडाकडे बघितलं.

"बाबा, आत कुणाशी भांडलास?"

मामा दचकले. "मी? मी कुणाशी भांडणार? एकटाच तर होतो."

"सांग ना."

"पंख्याशी भांडलो," मामा म्हणाले. "कुरकुर कुरकुर, रात्रभर. त्याला म्हटलं, फिरायचं तर नीट फिर."

"अजून?"

"पालीशी. माझ्या उशीच्या बरोब्बर वर येऊन बसायची. तिला म्हटलं, बाई, तुला एवढी खोली आहे."

"अजून?"

जाळीतून पाणी त्यांच्या बोटांवर ठिबकत होतं.

"आणि कडीशी," ते म्हणाले. "तू ओरडलीस ना, तेव्हा मी कडी धरली होती. ती म्हणे थांब, मी म्हणे नाही. मी म्हटलं, माझी पोरगी आहे पलीकडे, मला जाऊ दे. खूप भांडलो गं तिच्याशी. नुसतं त्या दिवशी नाही, रोज. रोज भांडायचो."

"मग कोण जिंकलं?"

पंखा नाही, पाल नाही, मामांना समोर फक्त ती अर्धी सरकलेली कडी दिसली.

"कडी," ते म्हणाले.

मग त्यांनी डोळे पुसले आणि कामाला लागायचं म्हणून खाली पाहिलं. टकळीचा उजवा हात उघडा होता. कोवळी गुलाबी कातडी, कुठे रक्ताचा टिपूस नाही. जाळी तिच्या डाव्या हातात लोंबत होती.

"निघाली," टकळी म्हणाली, आणि नवी जाळी लावून घ्यायला तिनं पंजा बापाच्या तळव्यावर पसरला. चार बोटं सरळ टेकली. करंगळी राहिली तशीच, वाकलेली.

"आता रोबोचं ऐक," ती म्हणाली. "त्याचा तिसरा डोळा आहे ना, तो मागे आहे."